तुमच्या धंद्यातला ऑक्सिजन कोणता? नागपूरच्या हॉस्पिटलांनी कोरोनात शिकवलेला हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘कपॅसिटी’ म्हणजे क्षमता या विषयावर बोललो. वेळेअभावी त्यात एक उदाहरण अर्धवट राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे. २०२० आणि २०२१ मध्ये इथल्या हॉस्पिटलांनी कोरोनाचा लोंढा कसा झेलला, त्याचं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हॉस्पिटल म्हणजे दुकान नाही. तिथे माणसं गेली, आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली गेली. त्यामुळे ‘संकटात संधी’ वगैरे भाषा इथे करायची नाही. पण मागणी एकदम दहापट झाली की कोणतीही यंत्रणा कुठे अडते, हे त्या दिवसांइतकं उघडं पुन्हा क्वचितच दिसेल. शिकायचं असेल तर तिथून शिकावं.

खाटा वाढल्या, तरी जागा नव्हती

नागपुरात पहिला रुग्ण सापडला मार्च २०२० मध्ये. तयारी लगेच सुरू झाली. मेडिकलचं ट्रॉमा सेंटर आणि मेयोचं सर्जिकल कॉम्प्लेक्स, दोन्ही कोविडसाठी वळवली गेली. मे २०२० मध्ये कळमेश्वर रोडवर राधास्वामी सत्संगच्या जागेत ५,००० खाटांचं कोविड केअर सेंटर उभं करण्यात आलं. आकडा ऐकून वाटतं, झालं की काम!

पण कोविड केअर सेंटर हे सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी असतं. खरी मारामारी झाली ती एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत. जिल्ह्यात रोजचे नवे रुग्ण सात हजारांच्या वर गेले. मृत्यूंचा आकडा दिवसाला शंभर ओलांडू लागला. मेडिकलमध्ये एका खाटेवर दोन रुग्ण असल्याची दृश्यं देशभर दाखवली गेली. त्यात नागपूरवर फक्त नागपूरचाच भार नसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली तर आहेतच. शिवाय छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूलची माणसंही उपचाराला इथेच येतात.

तेव्हा नातेवाईक फोनवर विचारायचे, “बेड आहे का?” पण त्यांना हवी असायची ऑक्सिजन असलेली, डॉक्टर असलेली, नर्स लक्ष ठेवेल अशी खाट. नुसती लोखंडी खाट इतवारीत कितीही मिळते. हॉस्पिटलची खरी क्षमता खाट, ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणूस या तिघांपैकी जे सगळ्यात कमी आहे, तेवढीच असते. आजचा धडा एवढाच. बाकी सगळा त्याचा विस्तार.

एका रुग्णाचा हिशोब मांडून बघू

आकडे घेतल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही, म्हणून वही-पेन घ्या.

एका मोठ्या, म्हणजे ‘जंबो’ सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. ज्या रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागतो, त्याला तासाला ६०० आणि दिवसाला १४,४०० लिटर लागणार. म्हणजे एका रुग्णाला रोज दोन जंबो सिलिंडर.

आता ४० रुग्णांचं छोटं खासगी हॉस्पिटल धरा. सगळे याच गटातले असतील तर रोज ८० सिलिंडर. पण त्यातल्या फक्त पाच जणांची तब्येत बिघडली आणि त्यांना ‘हाय फ्लो’ मशीनवर मिनिटाला ५० लिटर द्यावा लागला तर? एकेकाला दिवसाला ७२,००० लिटर, म्हणजे दहा सिलिंडर. पाच जणांचे ५०, उरलेल्या ३५ जणांचे ७०. एकूण १२०.

रुग्ण तेवढेच, ४०. खाटा तेवढ्याच. पण ऑक्सिजनचा खर्च दीडपट! जो मालक फक्त ‘खाटा किती भरल्या’ हे बघत होता, त्याला ही गोष्ट सिलिंडर संपायच्या दोन तास आधी कळायची. जो दर दोन तासांनी वापर मोजत होता, त्याला सकाळीच कळायची.

आपल्या धंद्यातही हेच होतं. डब्याची मेस चालवणारी ताई म्हणते, “माझे ६० डबे आहेत.” पण त्यातले दहा डबे पथ्याचे, वेगळ्या भाजीचे झाले की गॅस, भांडी आणि हात दीडपट लागतात. डबे मात्र ६०च दिसतात.

पुरवठा वाढत नसेल, तर आधी गळती शोधा

ऑक्सिजन बाहेरून वाढत नव्हता तेव्हा चांगल्या हॉस्पिटलांनी आत बघायला सुरुवात केली. तीन कामं झाली.

एक, लक्ष्य ठरवलं. रुग्णाचं सॅच्युरेशन ९८-९९ वर नेण्याची गरज नसते. उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बहुतेकांसाठी ९२ ते ९६ हे लक्ष्य दिलं होतं. घाबरून नॉब पूर्ण उघडा ठेवला की रुग्णाचा फायदा होत नाही, शेजारच्याचा ऑक्सिजन मात्र जातो.

दोन, रुग्णाला पालथं झोपवणं. यात यंत्र नाही, खर्च नाही. पण अनेकांचं सॅच्युरेशन सुधारतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये याच्या सचित्र सूचना काढल्या.

तीन, ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला माणूस नेमला. ‘ऑक्सिजन नर्स’ ही कल्पना नंदुरबार जिल्ह्यातून पुढे आली. एका नर्सने ठरावीक रुग्णांपाशी फिरायचं, कोणाला किती लागतोय बघायचं, जेवताना किंवा बाथरूमला जाताना मास्क काढून ठेवला असेल तर नॉब बंद करायचा. साधं काम, पण ते नेमून दिल्याशिवाय कोणीच करत नाही.

आपण काय करतो? माल कमी पडला की पहिला विचार कर्जाचा. मशीन घेऊ, गाळा मोठा करू. आधी हे बघा की आहे त्यातलं वाया किती जातंय, आणि ते बघायची जबाबदारी कोणा एका माणसावर आहे का.

माल होता, गाडी नव्हती

आता पुरवठ्याकडे येऊ. विदर्भाला द्रवरूप ऑक्सिजनचा मोठा आधार भिलाईचा होता. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या एका आदेशाने भिलाईच्या प्लांटमधून महाराष्ट्राला मिळणारा रोजचा ११० टनांचा पुरवठा ६० टनांवर आणला गेला. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हस्तक्षेप करून तो पूर्ववत करायला सांगितलं. विचार करा, एक कागद निघतो आणि शेकडो रुग्णांचा श्वास अडकतो. एकाच सप्लायरवर उभं असणं म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसं सांगू?

दुसरी अडचण अजून शिकण्यासारखी आहे. देशात ऑक्सिजन तयार होत होता; पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत भरपूर होता. तुटवडा होता टँकरचा. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, त्यासाठी खास क्रायोजेनिक टँकर लागतात आणि ते देशात मोजकेच होते. म्हणून रेल्वेवर रिकामे टँकर चढवून विशाखापट्टणमला पाठवले गेले. ती पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ २३ एप्रिल २०२१ च्या रात्री सात टँकर घेऊन नागपूरला पोचली. तीन टँकर इथे उतरले, चार पुढे नाशिकला गेले. हवाई दलानेही टँकर नेले, पण रिकामे; भरलेले विमानातून नेणं धोक्याचं. निदान जाण्याचा वेळ तरी वाचला.

या काळात नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांचं नाव पुढे आलं. रेल्वे स्टेशनबाहेर संत्री विकण्यापासून सुरुवात, मग ऑटो चालवला, २००४ मध्ये पहिला ट्रक घेतला, नंतर मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी उभी केली. त्यांनी टँकर मिळवण्याचं काम हातात घेतलं, बेंगळुरूहून जास्त भाडं मोजून टँकर आणले. सुमारे ४०० टन ऑक्सिजन पोचवण्यासाठी ८५ लाखांच्या आसपास स्वतःचे पैसे घातले आणि प्रशासनाने देऊ केलेली भरपाई घेतली नाही, अशी नोंद त्या वेळच्या बातम्यांत आहे. त्यांच्या दानतीबद्दल सगळे बोलतात, बोललंच पाहिजे. मी धंद्याच्या नजरेने अजून एक बघतो: अडचण ऑक्सिजनची नसून गाडीची आहे, आणि गाडी कुठे मिळते हे त्यांना माहीत होतं. वर्षानुवर्षं जोडलेले फोन नंबर त्या आठवड्यात कामी आले.

शांत काळात केलेली खरेदी

पुन्हा नंदुरबार. आदिवासीबहुल, दुर्गम जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्लांट बसवला. पहिली लाट ओसरली, बाकी ठिकाणी लोक निवांत झाले, तेव्हा नंदुरबारमध्ये आणखी प्लांटचं काम चालू होतं. एप्रिल २०२१ मध्ये मोठी शहरं टँकरची वाट बघत असताना या जिल्ह्याचा स्वतःचा ऑक्सिजन तयार होत होता.

सीझन संपला की आपण हात झटकतो. खरं तर सीझन संपल्यावरचा महिनाच पुढच्या सीझनची खरेदी करायचा असतो. तेव्हा भाव कमी असतो, सप्लायरला वेळ असतो आणि काय कमी पडलं होतं ते आठवत असतं.

माणसं आणि पैसा

व्हेंटिलेटर विकत आणता येतो. आयसीयूत काम केलेली नर्स एका आठवड्यात तयार होत नाही. पीपीई किट घातलं की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. नागपुरातला एप्रिल-मे आणि अंगावर प्लास्टिक, राजेहो! शिवाय स्टाफही पॉझिटिव्ह होत होता. म्हणून हॉस्पिटलांनी तुकड्या पाडल्या, जेणेकरून एक तुकडी आजारी पडली तरी दुसरी उभी राहील. तुमच्याकडे कटिंग करणारा कारागीर एकच असेल, तर त्याच्या हाताखाली आज कोण शिकतंय?

पैशाचीही एक बाजू होती. लोकांना वाटलं हॉस्पिटलांनी फक्त कमावलं. काहींनी अवाच्या सवा बिलं लावली, हे खरंच आहे, त्यावर कारवायाही झाल्या. पण छोट्या नर्सिंग होमचं २०२० कसं गेलं तेही बघा: ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, ओपीडी रिकामी, पगार आणि हप्ते मात्र चालू. त्यात राज्य सरकारने मे २०२० मध्ये खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दर बाहेरून ठरला की आपल्या हातात फक्त खर्चाचा हिशोब उरतो. ज्याला एका रुग्णाचा रोजचा खर्च माहीत होता, तो तरला.

काठावर चालवू नका

९ एप्रिल २०२१ ला नागपूरजवळ वाडी इथल्या एका कोविड हॉस्पिटलला आग लागून चार रुग्ण गेले. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीची गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. यंत्रणा पूर्ण ताणावर चालत असते तेव्हा एक छोटी चूक सावरायलाही जागा उरत नाही. म्हणून वायरिंग, गॅसची जोडणी, बॅकअप यांची तपासणी गर्दीच्या आधी करायची, ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणायचं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

चार प्रश्न. उत्तरं वहीत, आकड्यांसह लिहा.

१. उद्या ऑर्डर तिप्पट आल्या तर सगळ्यात आधी काय संपेल? माल, जागा, माणूस, गाडी की रोख? तोच तुमचा ऑक्सिजन.

२. तो रोज किती वापरला जातो? त्यातला वाया किती? बघतो कोण?

३. तो किती जणांकडून मिळतो? उत्तर ‘एक’ असेल तर या महिन्यात दुसऱ्याकडून निदान एक छोटी खरेदी करा. ओळख असली तरच अडचणीत फोन उचलला जातो.

४. मागच्या गर्दीत जे कमी पडलं होतं, ते आज घ्यायचं झालं तर किती पैसे लागतील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण ‘भांडवल’ असं लिहितात. घाई करू नका, एकदा खोलात जाऊन बघा. एप्रिल २०२१ मध्ये कित्येकांकडे पैसे होते, खाटही मिळाली होती. अडलं होतं ते एका टँकरवर.