गोठवलेले रक्त : तांबड्या पेशींच्या दीर्घकाल जतनाचे शास्त्र

रक्तदान शिबिरात जमा झालेले रक्त किती दिवस टिकते, असा प्रश्न गावोगावच्या शिबिरांत हमखास विचारला जातो. रक्तपेढीत २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेले रक्त साधारणपणे ३५ दिवस वापरता येते. तांबड्या पेशी वेगळ्या काढून त्यांत पोषक द्रावण मिसळले, तर ही मुदत ४२ दिवसांपर्यंत वाढते. त्यानंतर ते रक्त रुग्णाला देता येत नाही. मग मासळी, मटार गोठवून महिनोन् महिने टिकवता येतात, तसे रक्त का गोठवत नाहीत, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात अनेक देशांतील शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत.

गोठल्याने पेशी का फुटतात?

रक्ताचे दोन प्रमुख भाग असतात. एक पिवळसर रक्तद्रव व दुसरा त्यात तरंगणाऱ्या पेशी. रक्तद्रव गोठवणे सोपे असते. उणे ३० अंशांखाली तो वर्षभर टिकतो आणि रक्तपेढ्यांतून हे काम नित्य चालते. तांबड्या पेशींचे मात्र तसे नाही. रक्ताची पिशवी शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि नंतर वितळवली, तर पेशींची पटले फाटून आतील हिमोग्लोबिन बाहेर सांडते. असे रक्त रुग्णाला दिले तर त्याच्या मूत्रपिंडांना इजा होऊन जिवावर बेतू शकते. म्हणूनच चुकून गोठलेली पिशवी नष्ट करावी लागते.

पेशी फुटण्याचे कारण केवळ थंडी नव्हे. पाण्याचा बर्फ होताना त्यात विरघळलेले क्षार बर्फात सामावत नाहीत. ते उरलेल्या थोड्याशा पाण्यात साठत जातात. मिठाचे पाणी आटवले की ते अधिकाधिक खारट होते, तसाच हा प्रकार आहे. या तीव्र क्षारद्रावणाने पेशीतील पाणी शोषले जाते आणि तिचे पटल दुबळे होते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५३ मध्ये ही कारणमीमांसा मांडली. पुढे अमेरिकेतील पीटर मेझर यांनी तिला दुसरी बाजू जोडली. रक्त फार सावकाश थंड केले, तर पेशी क्षारांमुळे सुकते. फार झपाट्याने थंड केले, तर पेशीच्या आतच हिमस्फटिक तयार होतात. या दोन संकटांमधून वाट काढणे हेच गोठवण्याच्या शास्त्राचे मर्म होय.

एका बाटलीची कथा

ही वाट एका चुकीमुळे सापडली. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ व ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे वीर्य गोठवून टिकवण्याचे प्रयोग करीत होते. साखरेच्या द्रावणाने त्यांना यश येत नव्हते. मात्र शीतगृहातून आणलेल्या एका बाटलीतील द्रावणाने शुक्रपेशी वितळल्यानंतरही जिवंत राहिल्या. उरलेल्या द्रावणाचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यात साखर नसून ग्लिसरीन असल्याचे दिसून आले. बाटल्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती! हा शोध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच पुढच्या वर्षी ऑड्रे स्मिथ यांनी ग्लिसरीनमुळे तांबड्या पेशीही गोठण्यातून वाचतात, हे दाखवून दिले. १९५१ मध्ये पॅट्रिक मॉलिसन व हेन्री स्लोव्हिटर यांनी गोठवून वितळवलेल्या पेशी माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्या तेथे टिकून राहतात, हे सिद्ध केले.

साबणाच्या कारखान्यात जोडउत्पादन म्हणून मिळणारे हे साधे ग्लिसरीन कसे काम करते? ते पेशीच्या आत शिरते व पाण्याशी एकरूप होते. त्यामुळे कोणत्याही तापमानाला कमी बर्फ तयार होतो, पाण्याचा काही अंश द्रवरूप राहतो आणि क्षारांची तीव्रता प्राणघातक पातळीला पोहोचत नाही.

खरी कसोटी धुण्याची

ग्लिसरीन घालणे सोपे असले, तरी ते काढून टाकणे अवघड असते. ग्लिसरीनने भरलेली पेशी एकदम साध्या सलाइनमध्ये सोडली, तर ती बाहेरचे पाणी वेगाने ओढून घेते आणि फुगून फुटते. म्हणून वितळलेल्या पेशी प्रथम १२ टक्के मिठाच्या तीव्र द्रावणात, मग १·६ टक्के आणि शेवटी ०·९ टक्के द्रावणात अशा पायऱ्यापायऱ्यांनी धुवाव्या लागतात. अमेरिकेत मेरिमन व हॉर्नब्लोअर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. या पद्धतीत सुमारे ४० टक्के ग्लिसरीन वापरून पेशी उणे ६५ अंशांखाली, बहुधा उणे ८० अंशांना ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत ग्लिसरीन निम्मे लागते, परंतु गोठवणे झपाट्याने करून साठवणीसाठी द्रवरूप नायट्रोजन वापरावा लागतो. त्याचे तापमान उणे १९६ अंश असते.

या रीतीने गोठवलेल्या पेशी १० वर्षे ठेवण्यास मान्यता आहे. अमेरिकी नौदलाच्या रक्त संशोधन प्रयोगशाळेतील रॉबर्ट व्हॅलेरी व सहकाऱ्यांनी तर ३७ वर्षांपर्यंत जतन केलेल्या पेशींचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. युद्धभूमीवरही हे तंत्र उपयोगी पडले. १९६६ मध्ये व्हिएतनाममधील दा नांग येथे जखमी सैनिकांना असे रक्त देण्यात आले.

असे असूनही प्रत्येक रक्तपेढीत गोठवलेले रक्त का दिसत नाही? एक पिशवी वितळवून धुण्यास साधारण तास-दीड तास लागतो. खास यंत्रे, शीतकपाटे व प्रशिक्षित तंत्रज्ञ हवे असतात, अखंड वीज हवी असते आणि धुताना काही पेशी वायाही जातात. पिशवी उघड्या पद्धतीने धुतली, तर त्या पेशी २४ तासांतच वापराव्या लागतात. बंद पद्धतीच्या यंत्राने ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढली, परंतु खर्चही वाढला. अपघात, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांसाठी रोज लागणारे रक्त या मार्गाने पुरवणे परवडणारे नाही. त्यामुळे गोठवलेले रक्त हा नियमित रक्तदानाला पर्याय ठरत नाही.

दुर्मिळ रक्तगटांचा आधार

या तंत्राचे खरे मोल दुर्मिळ रक्तगटांसाठी आहे. ॲमस्टरडॅम, लिव्हरपूल यांसारख्या ठिकाणी अशा रक्ताच्या गोठवलेल्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या याच गरजेतून. या विषयाशी महाराष्ट्राचे नाते निकटचे आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एका वेगळ्याच रक्तगटाची नोंद केली. तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ व ‘बी’ तर नसतातच, शिवाय ‘ओ’ गटाच्या पेशींवर असणारा ‘एच’ हा घटकही नसतो. नेहमीच्या प्राथमिक तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ असा दिसतो, मात्र ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास त्यांच्या शरीरात तीव्र प्रतिक्रिया होते. त्यांना बॉम्बे गटाच्याच दात्याचे रक्त चालते आणि भारतात असे लोक अंदाजे दहा हजारांत एक आढळतात.

अशी स्त्री बाळंतपणात रक्तस्रावाने अत्यवस्थ झाली, तर दाता शोधून आणण्याइतका वेळ हाती नसतो. रक्त गोठवून ठेवण्याची सोय असलेल्या पेढीत तिचेच किंवा तिच्या गटाच्या दात्याचे रक्त आधी राखून ठेवता आले, तर ती वाचू शकते. भावंडांमध्ये हा गट आढळण्याचा संभव अधिक असतो, म्हणून एकाला हा गट आहे असे कळताच इतर भावंडांचीही तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

याची सुरुवात गावातच होऊ शकते. शाळेत किंवा शिबिरात काढलेला रक्तगट प्राथमिक समजावा आणि पेशी व रक्तद्रव या दोहोंची तपासणी रक्तपेढीत करून घ्यावी. ‘ओ’ गटाच्या रुग्णाचे रक्त ‘ओ’ गटाच्याच रक्ताशी जुळत नसेल, तर त्याची अधिक तपासणी झालीच पाहिजे. दुर्मिळ गट सिद्ध झाल्यास त्या व्यक्तीच्या संमतीने तिची नोंद दुर्मिळ दात्यांच्या यादीत व्हावी आणि तिच्याजवळ गटाचे ओळखपत्र असावे. ग्रामीण रक्त साठवण केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी पिशवी बर्फाच्या कप्प्यात किंवा थेट बर्फावर कधीही ठेवू नये, तापमानाची नोंद रोज करावी आणि वीज गेल्यास काय करावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे.