दस्त्याचं माप

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीच्या शिवारात ऊस डोक्यावर गेला की रानडुकरांचा उच्छाद सुरू होतो. अशा गावांत पीकराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक ओळखीची असते. 1959 च्या शस्त्र कायद्यात तिच्यासाठी वेगळी तरतूदच आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर घरी येते. बघणाऱ्याची नजर आधी जाते नळीवर, मग घोड्यावर. दस्त्याकडे, म्हणजे मागच्या लाकडाकडे, सहसा कुणी बघत नाही. पण खांद्याला आणि गालाला लागतं ते तेवढंच.

एकबारी बंदुकीचा दस्ता निवडणं म्हणजे कपडे शिवायला टाकण्यासारखं आहे. माप आधी, नक्षी मागाहून.

आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या बंदुका पाहिल्या तर हे चटकन कळतं. त्यांचा दस्ता अरुंद, जवळजवळ सरळ आणि बऱ्याचदा पैलूदार. नळी त्यावर तारेनं किंवा चामड्याच्या वादीनं आवळलेली. गाल टेकायला जागा जवळपास नाहीच. रुंद, खाली उतरत्या युरोपी दस्त्याची सवय असलेल्याला ती काठीच वाटेल.

1871 मध्ये ब्रिटिश फौजेनं मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल स्वीकारली. तिचा दस्ता मागून लांब बोल्टनं कसलेला असे आणि त्यात आखूड व लांब असे दोन प्रकार मिळत. पुढे ली-एनफील्ड रायफलच्या दस्त्याला चार मापं आली, एकेकात अर्ध्या इंचाचा फरक. फौजेनं शिपायाच्या बुटाला मापं दिली तशी त्याच्या हातालाही दिली. ही फार शहाणपणाची गोष्ट.

माप घ्यायची जुनी रीत सोपी आहे. हात कोपरात काटकोनात वाकवायचा, दस्त्याचं टोक कोपराच्या खळीला लावायचं आणि चापावर बोट सहज पोचतं का ते पाहायचं. हा झाला अंदाज. खरी परीक्षा डोळे मिटून होते. बंदूक खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मगच डोळे उघडायचे. समोरची माशी मागच्या खाचेत आपोआप दिसली तर दस्ता अंगाचा. मान ताणावी लागली तर गालाखालचं लाकूड उंच किंवा ठेंगणं आहे. उघड्या माशीसाठी ते खाली चालतं, दुर्बीण बसवली तर वर लागतं. एकाच बंदुकीला दोन्ही बसवणाऱ्याची इथेच फसगत होते.

पकडीचा वाद जुना आहे. सरळ इंग्रजी पकड दिसायला देखणी, हलकी, हात चटकन सरकतो. पिस्तुलासारखी वळलेली पकड मनगटाला आराम देते, सावकाश नेम धरणाऱ्याला तीच सोयीची. चंद्रकोरीसारखी आत वळलेली लोखंडी टोकपट्टी तर शोभेलाच बरी. जोराचा झटका बसला की तिची टोकं खांद्यात रुततात.

लाकूड अक्रोडाचं उत्तम, शिसव जड पण टिकाऊ. खरी मेख असते ती पकडीजवळच्या बारीक भागात. लाकडाच्या रेषा तिथून लांबीच्या दिशेनं गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर बंदूक एकदा हातातून निसटली की तिथेच चिरते. चमकदार, वळणावळणाच्या रेषांचा दस्ता बघून भुलणाऱ्यानं ही जागा आधी बोटानं चाचपावी.

कोल्हापूर जिल्ह्याला हा विषय परका नाही. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर प्रोन रायफलचं सुवर्ण जिंकलं, 600 पैकी 597 गुणांनी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्य घेतलं. ही रायफलही एकबारीच. प्रत्येक गोळी हातानं भरायची, 50 मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर. तिचा दस्ता मात्र गावातल्या आजोबांना बंदुकीचा वाटणार नाही. ॲल्युमिनियमचा सांगाडा, स्क्रूंवर वरखाली होणारा गालपट्टा, मागे काखेखाली येणारा आकडा. हा आकडा जर्मन शुट्झेन मेळ्यांतल्या नेमबाजांच्या बंदुकांवर कधीचाच होता. त्या बंदुकाही बहुधा एकबारीच.

गुडघ्यावर, पडून आणि उभ्यानं अशा तिन्ही स्थितींत शरीर बदलतं, म्हणून दस्ताही बदलावा लागतो. नेमबाज प्रत्येक स्थितीसाठी स्क्रूचे आकडे वहीत टिपून ठेवतात. एका खुणेचा फरकही गालाला कळतो.

लाकडी दस्ता असा रोज फिरवता येत नाही. थोरल्याची बंदूक धाकट्याला लांब पडली तर लगेच करवत घेऊ नये. जाणकार कारागीर आधी टोकाशी पातळ पट्ट्या लावून किंवा काढून बघतो, चार दिवस उचलून पाहायला सांगतो आणि मगच पेन्सिलची रेघ मारतो.