डायरीतला शेरा : 'अनकेम्प्ट' की 'डिशेव्हल्ड'?

समजा, तुमची मुलगी नोएडातल्या शाळेतून घरी आली आणि डायरीत शेरा दिसला, 'हेअर अनकेम्प्ट'. तुम्ही मोबाइलवर अर्थ शोधला. 'गबाळा, अजागळ' असं वाचून मन खट्टू झालं. सकाळी दोन घट्ट वेण्या तर तुम्हीच घातल्या होत्या!

इथे केसांपेक्षा शब्दच चुकला आहे.

'केम्प्ट' म्हणजे विंचरलेला. ज्या जुन्या इंग्रजी धातूपासून तो आला, त्याच कुळातला 'कोम' म्हणजे कंगवा. म्हणून 'अनकेम्प्ट'चा मूळ अर्थ न विंचरलेला. आज तो केस, दाढी, कपडे, अगदी निगा न राखलेल्या बागेलाही लावतात. त्यात दुर्लक्षाचा ठपका असतो.

'डिशेव्हल्ड' वेगळा. तो जुन्या फ्रेंच भाषेतल्या केसांसाठीच्या शब्दावरून आला. आधी अर्थ होता उघडं डोकं, मग मोकळे केस, मग एकूणच विस्कटलेला अवतार. राजीव चौकला ब्लू लाइनमधून उतरून यलो लाइन पकडताना गर्दीत आपलं जे होतं, ते 'डिशेव्हल्ड'. मे-जूनच्या धुळीच्या वादळातून घरी पोहोचल्यावर होतं, तेही तेच. तासाभरापूर्वी तुम्ही नीटनेटक्याच होतात. उच्चार मात्र जपा. 'डिस-हेव्हल्ड' नव्हे, 'डि-शेव्हल्ड', आणि जोर 'शे'वर.

तिसरा भाऊ 'स्क्रफी'. त्याच्या मुळाशी चक्क डोक्यातला कोंडा आहे! आता तो जुनाट जीन्स आणि वाढलेल्या दाढीला, कधी लाडानेही वापरला जातो.

मराठीतही हा फरक आहेच. केस 'विस्कटले' म्हटलं की दोष वाऱ्याचा. 'झिपऱ्या' म्हटलं की दोष थेट डोक्याच्या मालकिणीचा. 'काय हा अवतार!' यात रागही असतो आणि काळजीही.

द्रौपदीचंच उदाहरण घ्या. यमुनाकाठच्या इंद्रप्रस्थाची ही राणी. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकात अपमानाचा सूड घेतला जाईपर्यंत तिची वेणी मोकळीच राहते. 'संहार' म्हणजे इथे बांधणं. त्या केसांना गबाळे म्हणायची कुणाची हिंमत होईल?

म्हणून शब्द निवडताना आधी कारण विचारा. प्रवास, खेळ, धावपळ यांनी विस्कटलेल्या माणसाला 'डिशेव्हल्ड' म्हणा. 'अनकेम्प्ट' मात्र जपून वापरा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला तपासताना त्याच्या राहणीचीही नोंद घेतात, कारण स्वतःकडे दुर्लक्ष होणं हे कधी कधी नैराश्याचं लक्षण असतं. एरवी टापटीप राहणारी मैत्रीण, नुकतीच बाळंत झालेली वहिनी किंवा एकटे पडलेले काका आठवडेच्या आठवडे न विंचरलेले दिसले, तर नावं ठेवू नका. शेजारी बसा, चहा टाका आणि विचारा, "बरं आहे ना सगळं?" गरज वाटली तर डॉक्टरांकडे सोबत जा.

आणि डायरीतल्या शेऱ्याखाली सही करण्याआधी मुलीलाही विचारा. कदाचित उत्तर मिळेल, "आई, आज खो-खोत आमचा वर्ग जिंकला!"