तेजीचें शिखर ओळखतां येतें काय ?

कंपनीचा शेअर म्हणजे तिच्या मालकीचा एक लहानसा हिस्सा होय. कंपनीस नफा झाला तर हिस्सेदारास त्याचा वांटा मिळतो. म्हणून शेअरची किंमत कंपनीच्या मिळकतीवरून ठरावी हें योग्य. परंतु बाजारांत जो भाव निघतो, त्यांत मिळकतीबरोबर मनुष्याच्या मनाचाहि भाग असतो. आशा बळावली कीं भाव चढतो, भीति शिरली कीं उतरतो. आशेचा अतिरेक झाला म्हणजे तेजी शिखराजवळ आली असण्याचा संभव असतो. त्याचीं लक्षणें कोणतीं, हें समजण्यास मुंबई शहराचा इतिहास उत्तम साधन आहे.

सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. साहजिकच गिरणीवाल्यांची दृष्टि इकडील कापसाकडे वळली व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. येथवर व्यवहार खऱ्या मालाचा होता. पुढें हा पैसा गुंतवावयाचा कोठें, असा प्रश्न पडला आणि नव्या कंपन्यांचें पेव फुटलें. १८६५ च्या आरंभीं शहरांत ३१ बँका झाल्या होत्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत चढला.

ह्या प्रकरणांत चार लक्षणें स्पष्ट दिसतात. पहिलें, कंपनी मिळवील काय, हें कोणी विचारीत नाहीं. उद्यां अधिक भावानें घेईल कोण, एवढेंच विचारतात. दुसरें, ज्यांचा ह्या धंद्याशीं संबंध नाहीं, तेहि आपलें काम सोडून त्यांत उतरतात. तिसरें, नांवापलीकडे कांहीं नसलेल्या कंपन्यांचेहि शेअर हातोहात खपतात. चौथें व सर्वांत घातक लक्षण कर्जाचें. शेअर गहाण ठेवून पैसा काढावयाचा आणि त्या पैशानें आणखी शेअर घ्यावयाचे ! भाव उतरतांच तारण अपुरें पडतें, सावकार तगादा लावतो, कर्जदारास मिळेल त्या भावानें विकावें लागतें, आणि त्या विक्रीनेंच भाव आणखी कोसळतो.

मुंबईंत नेमकें हेंच झालें. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेकडील सेनापति ली यांनीं शरणागति पत्करली. कापसाचा भाव पडला व त्यामागून शेअरांचाहि. बँक ऑफ बाँबेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ वर आला. शेअरांच्या तारणावर कर्जें देऊन बसलेली ती बँक १८६८ मध्यें बंद करावी लागली.

विद्वानांसहि हा मोह आवरत नाहीं. ऑक्टोबर १९२९ मध्यें अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनीं, भाव आतां कायमच्या उंचीवर पोहोंचले आहेत, अशा अर्थाचें मत दिलें. त्याच महिन्यांत न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. तेथील डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ रोजीं ३८१ होता, तो जुलै १९३२ मध्यें ४१ वर उतरला. पूर्वीची उंची गांठण्यास १९५४ साल उजाडलें.

तर मग लक्षणें दिसतांच शिखराचा दिवस सांगतां येईल काय ? नाहीं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनीं डिसेंबर १९९६ मध्येंच बाजाराच्या अविचारी उत्साहाविषयीं शंका बोलून दाखविली होती. बाजार त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ चढतच राहिला व मार्च २००० नंतर पडला. आकाशांत ढग दाटले म्हणजे पाऊस संभवतो, परंतु त्याची घटका सांगतां येत नाहीं, तसेंच हें आहे. शिखर तें शिखर होतें, हें मागें वळून पाहिल्यावरच कळतें.

म्हणून दिवस ओळखण्याच्या खटाटोपापेक्षां आपली तयारी महत्त्वाची. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलांच्या शिक्षणासाठीं वा घरखर्चासाठीं लवकरच लागणारा पैसा तेजीच्या भरवशावर ठेवूं नये, आणि कर्ज काढून शेअर मुळींच घेऊं नयेत. विद्यार्थ्यांनींहि एक प्रश्न आतांपासूनच पाठ करून ठेवावा : ‘ही वस्तु मिळवून काय देते ?’ ज्यास ह्याचें उत्तर देतां येत नाहीं, त्यानें शेजारी श्रीमंत होतांना पाहूनहि स्वस्थ बसण्यांतच शहाणपण आहे.