संकटकाळातील शस्त्रसाहाय्य आणि मैत्रीच्या मर्यादा

एखाद्या देशावर आक्रमण झाले म्हणजे त्याच्या मदतीला कोण धावून येणार, हा प्रश्न प्रथम रणांगणावर उभा राहतो. त्याचे उत्तर मात्र दूरच्या राजधान्यांतील बैठकांत ठरत असते. त्या बैठकांत सामान्यतः तीन बाबींचा विचार होतो. शस्त्रे किती द्यावयाची, ही पहिली बाब. कोणत्या अटींवर द्यावयाची, ही दुसरी. आणि ती दिल्यास आपल्या इतर मित्रांना काय वाटेल, ही तिसरी. वरवर पाहता तिसरी बाब दुय्यम भासते. परंतु प्रत्यक्षात पहिल्या दोहोंचा निर्णय बहुधा तिच्यावरच अवलंबून राहतो. १९६२ मध्ये भारताला आलेला अनुभव या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. भारत त्या वेळी कोणत्याही लष्करी गटाचा सदस्य नव्हता, आणि ज्यांच्याकडे त्याला मदत मागावी लागली ती राष्ट्रे मात्र परस्परांशी व इतरांशी करारांनी बांधलेली होती.

आक्रमण आणि मागणी

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने पूर्वेस नामका चू नदीच्या खोऱ्यात आणि पश्चिमेस लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला केला. काही दिवसांतच तवांग चिन्यांच्या हाती गेले. भारतीय जवान ज्या उंचीवर लढत होते तेथे गरम कपडे, दारूगोळा आणि वाहतुकीची साधने या सर्वांचीच वाण होती. अनेक तुकड्यांच्या हाती अद्याप जुन्या पद्धतीच्या बंदुका होत्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गॅलब्रेथ यांच्यामार्फत अमेरिकेकडे शस्त्रांची मागणी केली. ब्रिटनकडेही अशीच विनंती गेली होती. पाश्चात्त्य शस्त्रसाहाय्य स्वीकारणे म्हणजे अलिप्ततेच्या धोरणाला तिलांजली देणे होय, असे देशात अनेकांना वाटत होते. आजवरच्या धोरणानेच ही वेळ आणली, असे मानणारेही थोडे नव्हते. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडून ते खाते ऑक्टोबरच्या शेवटी काढून घेण्यात आले आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांना मंत्रिमंडळही सोडावे लागले.

तातडीची मदत लवकर आली. ब्रिटिश शस्त्रे ऑक्टोबर संपण्यापूर्वीच येऊ लागली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकी विमाने कलकत्त्यास उतरू लागली. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांसारखी राष्ट्रकुलातील राष्ट्रेही पुढे आली. १४ नोव्हेंबर रोजी भारत व अमेरिका यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. दिलेली शस्त्रे चिनी आक्रमणाविरुद्धच वापरली जातील आणि त्यांच्या वापराचे निरीक्षण अमेरिकी प्रतिनिधी करू शकतील, हे त्यात नमूद होते. ही अट सौम्य दिसते. परंतु तिचा रोख पाकिस्तानकडे होता. ही शस्त्रे उद्या आपल्यावर रोखली जातील, अशी पाकिस्तानची तक्रार होती, आणि पाकिस्तान अमेरिकेचा करारबद्ध मित्र होता.

मित्रांचे मित्र

पाकिस्तानने १९५४ मध्ये अमेरिकेशी परस्पर संरक्षण साहाय्याचा करार केला होता. आग्नेय आशिया करार संघटना आणि पुढे ‘सेंटो’ म्हणून ओळखला गेलेला बगदाद करार, या दोन्हींचा तो सदस्य होता. साम्यवादी राष्ट्रांच्या विस्ताराला आळा घालणे हा या संघटनांचा उद्देश होता. तथापि साम्यवादी चीनने प्रत्यक्ष सैन्य पुढे सरकवले तेव्हा आक्रमणाखाली सापडलेला देश या संघटनांच्या बाहेर होता, आणि त्याला मदत करू नये असे म्हणणारा देश त्यांच्या आत होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांना पत्र लिहून भारताला निर्धास्त करणारे काही आश्वासन द्यावे असे सुचवले. अयूब खान यांनी ते मान्य केले नाही. काश्मीरच्या प्रश्नावर भारताकडून सवलत मिळविण्याची हीच वेळ आहे, अशी पाकिस्तानची धारणा होती.

दुसऱ्या बाजूस सोव्हिएत संघाचीही अशीच कोंडी झाली होती. तिचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर भिलाईकडे पाहिले पाहिजे. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारण्याचा भारत–सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. त्या वेळच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती; आज हा भाग छत्तीसगड राज्यात आहे. शेकडा अडीच दराने व्याज आणि बारा वार्षिक हप्त्यांत परतफेड, अशा सुलभ अटींवर हे कर्ज मिळाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारत–सोव्हिएत मैत्रीचे याहून ठळक प्रतीक त्या काळी दुसरे नव्हते. १९६२ च्या उन्हाळ्यात मिग–२१ विमानांविषयीचा समझोताही झाला होता.

असे असूनही २५ ऑक्टोबर १९६२ रोजी मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने चीनच्या प्रस्तावांना अनुकूल असा अग्रलेख लिहिला. क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी संघर्ष अगदी शिगेला पोहोचला असताना चीनला दुखावणे मॉस्कोला परवडणारे नव्हते. क्यूबाचा पेच सुटल्यावर हा सूर बदलला आणि डिसेंबरात ख्रुश्चेव्ह यांनी चीनच्या कृतीविषयी उघडपणे शंका व्यक्त केली. भिलाईची मैत्री खोटी नव्हती. परंतु ऐन अडचणीच्या आठवड्यात ती दुसऱ्या एका मैत्रीपुढे मागे पडली, हे सत्य उरतेच.

एकोणीस नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या मध्यास लढाईने पुन्हा पेट घेतला. १८ व १९ तारखेस से ला आणि बोमडिला ही ठाणी पडली. आसामच्या मैदानाचा मार्ग मोकळा झाला असे वाटू लागले. १९ नोव्हेंबर रोजी नेहरूंनी केनेडी यांना एकाच दिवशी दोन पत्रे लिहिली. ध्वनीहून वेगवान अशा लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या, आधुनिक रडारयंत्रणा आणि भारतीय वैमानिक तयार होईपर्यंत ती चालविण्यासाठी अमेरिकी माणसे, अशी मागणी त्यांत होती. शिवाय बॉम्बफेकी विमानांच्या दोन तुकड्याही मागितल्या होत्या. भारताने आपले लढाऊ हवाई दल या युद्धात उतरवले नव्हते, कारण प्रत्युत्तरादाखल कलकत्त्यासारख्या शहरांवर बॉम्बवर्षाव झाला तर त्यांचा बचाव कसा करावा, ही चिंता होती. ही पत्रे अनेक दशके गुप्त राहिली.

बंदुका, उखळी तोफा आणि गरम कपडे देणे एक. आपले वैमानिक दुसऱ्याच्या आकाशात लढावयास पाठविणे अगदी निराळे. पहिल्या प्रकारच्या मदतीला काही दिवस पुरले. दुसऱ्या प्रकारच्या मागणीवर निर्णय होण्यापूर्वीच चीनने २१ नोव्हेंबर रोजी एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि १ डिसेंबरपासून सैन्य मागे घेण्याची घोषणा केली.

त्याच दिवशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे त्या वेळी म्हटले गेले. लढाई थांबली होती. शस्त्रसाहाय्याविषयीची खरी वाटाघाट मात्र आता सुरू व्हावयाची होती, आणि तिचा मोठा भार चव्हाणांवर पडणार होता.

वाटाघाटीचे वर्ष

२२ नोव्हेंबर रोजी ॲव्हरेल हॅरिमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी शिष्टमंडळ दिल्लीत आले. पाठोपाठ ब्रिटनचे राष्ट्रकुल मंत्री डंकन सँडिस आले. अमेरिकेने पाठविलेली बारा अवजड मालवाहू विमाने जवानांची व सामग्रीची लेहपर्यंत ने–आण करू लागली. परंतु शस्त्रांच्या यादीबरोबरच दोन्ही पाहुण्यांनी काश्मीरचा विषय काढला. नोव्हेंबर संपण्यापूर्वी नेहरू आणि अयूब खान यांच्या सहीचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. त्यानुसार सरदार स्वर्णसिंग व झुल्फिकार अली भुत्तो यांच्यात २७ डिसेंबर १९६२ पासून मे १९६३ पर्यंत चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही. चर्चा चालू असतानाच, २ मार्च १९६३ रोजी, पाकिस्तानने चीनशी सीमाकरार केला.

दरम्यान डिसेंबर १९६२ मध्ये बहामा बेटांतील नासाऊ येथे केनेडी आणि ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांची भेट झाली. भारताला बारा कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत द्यावी आणि तिचा निम्मा वाटा अमेरिकेने, निम्मा ब्रिटन व राष्ट्रकुलातील राष्ट्रांनी उचलावा, असे तेथे ठरले. या दोन मित्रराष्ट्रांचेही एकमत नव्हते. अमेरिकेला मदतीची व्याप्ती वाढवावीशी वाटत होती. ब्रिटनला खर्चाची आणि भारताच्या हवाई संरक्षणाची जबाबदारी कायमची गळ्यात पडण्याची धास्ती होती. अखेर हवाई छत्राच्या मोठ्या कल्पनेतून उरला तो नोव्हेंबर १९६३ मधील ‘शिक्षा’ नावाचा संयुक्त सराव. अमेरिकी, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन विमाने भारतीय आकाशात आली आणि सराव संपताच परत गेली.

औद्योगिक साहाय्यावरही याच वादाची छाया पडली. बोकारो येथील सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखान्यास अमेरिकेने मदत द्यावी, अशी भारताची इच्छा होती. सरकारी मालकीच्या कारखान्यास अमेरिकी पैसा का द्यावा, असा आक्षेप अमेरिकी काँग्रेसमध्ये घेण्यात आला. १९६३ मध्ये भारताने आपली विनंती मागे घेतली, आणि जानेवारी १९६५ मध्ये भिलाईप्रमाणेच बोकारोसाठीही सोव्हिएत संघाशी करार झाला.

मे १९६४ मध्ये चव्हाण स्वतः अमेरिकेस गेले. भारताला ध्वनीहून वेगवान एफ–१०४ विमाने हवी होती. पाकिस्तानकडे ती आधीच होती. भारताला मात्र ती देण्यास नकार मिळाला. देऊ केली गेली ती प्रामुख्याने पर्वतीय तुकड्यांची सामग्री आणि कर्जे. २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाल्याने चव्हाणांना दौरा आटोपता घ्यावा लागला. त्याच वर्षी ते मॉस्कोस गेले, आणि मिग विमानांचे उत्पादन भारतात करण्याची योजना पक्की झाली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची वाटणी होती.

सप्टेंबर १९६५ मध्ये भारत–पाकिस्तान युद्ध सुरू झाले, तेव्हा अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. आक्रमण कोणी केले, हा प्रश्न त्या निर्णयात गौण ठरला. चिनी आक्रमणानंतर मिळू लागलेला पाश्चात्त्य शस्त्रांचा ओघ अशा रीतीने तीन वर्षांच्या आत आटला. नागपूरजवळ अंबाझरी येथे उभ्या राहत असलेल्या आयुधनिर्माणीसाठी ठरलेल्या अमेरिकी साहाय्यातही त्यामुळे खंड पडला. परंतु निर्माणी उभी राहिली.

अनुभवाचे मोल

या तीन वर्षांचा हिशेब मांडताना मदत करणाऱ्यांवर कृतघ्नतेने दोष ठेवणे न्याय्य होणार नाही. ऑक्टोबर–नोव्हेंबर १९६२ मधील मदत वेळेवर आली आणि १४ नोव्हेंबरच्या ठरावात संसदेने मित्रराष्ट्रांविषयी कृतज्ञताही नोंदवली. तथापि मदतीचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. भीती ताजी असते तोवर निर्णय त्वरेने होतात आणि अटी थोड्या असतात. लढाई थांबली की दात्याच्या मनात त्याचे इतर मित्र, त्याचा खजिना आणि त्याचे कायदेमंडळ ही सर्व पुन्हा जागी होतात. म्हणून जी शस्त्रे पहिल्या काही आठवड्यांत हाती पडतात तीच खरी संकटकाळची मदत होय. त्यानंतर जे मिळते तो व्यवहार असतो, आणि व्यवहारात घेणाऱ्यापाशीही देण्याजोगे काही असावे लागते.

भारताने १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना आखली. सव्वा आठ लाखांचे सैन्य आणि हवाई दलाच्या पंचेचाळीस तुकड्या हे तिचे लक्ष्य होते. त्याचबरोबर शस्त्रे देशातच निर्माण करण्यावर तिचा भर होता. भिलाईचा कारखाना पुढे पंचवीस लाख टनांपर्यंत वाढला आणि त्याच्या शेजारी हथखोजसारखी औद्योगिक क्षेत्रे विकसित झाली. कर्जाऊ मिळालेली विमाने परत जातात आणि दारूगोळा वापरला की संपतो; झोतभट्टी मात्र कर्ज फिटल्यावरही पेटती राहते. आक्रमणाच्या वेळी भिलाईमुळे मॉस्कोची शस्त्रे भारताला मिळाली नाहीत, हे खरेच आहे. परंतु पुढील वाटाघाटींत भारत केवळ मदत मागणारा देश म्हणून बसला नाही, यामागे असे कारखाने होते. मित्रराष्ट्रांतील वादविवाद कोणत्याही आक्रमणाच्या वेळी होतच राहणार. तो वाद संपेपर्यंत तग धरण्याइतके बळ ज्याचे त्यालाच आधी मिळवून ठेवावे लागते.