पगार वाढला, दवाखाना गेला!

इन्क्रिमेंट म्हणजे पार्टी, हे आपलं साधं गणित. पण चाकण-भोसरीच्या पट्ट्यात एक आकडा असा आहे, जो ओलांडताना भल्याभल्यांना घाम फुटतो. २१ हजार!

मी चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत एचआरला आहे. म्हणजे लेटरं वाटायची आणि शिव्या खायच्या, हे आमचं मेन काम. इन्क्रिमेंटच्या दिवशी सहसा दोनच प्रतिक्रिया येतात. 'एवढंच?' किंवा 'थँक्यू सर'. यंदा तिसरी आली. मशीन शॉपमधला सव्वीस वर्षांचा एक ऑपरेटर लेटर घेऊन केबिनमध्ये आला, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "सर, ही वाढ नको म्हटलं तर चालेल का?"

ईएसआयसाठी धरला जाणारा त्याचा पगार २०,४०० वरून २१,९०० होणार होता. महिन्याला दीड हजार जास्त. पण त्याच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, तेही ईएसआयवर. पगार २१ हजारांच्या वर गेला, की ईएसआय बंद. पोराचं गणित आमच्या एक्सेल शीटपेक्षा पक्कं होतं.

१५७ रुपयांत काय येतं?

ऑफिसवाल्या मंडळींना ईएसआय म्हणजे काय हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. १९४८ चा कायदा, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून सुरुवात. जुलै २०१९ पासूनचा दर असा: कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. २१ हजार पगार असेल, तर कामगाराचे १५७ रुपये ५० पैसे आणि कंपनीचे ६८२ रुपये ५० पैसे. झाले ८४०. एवढ्यात नवरा, बायको, मुलं, शिवाय अवलंबून असलेले आईवडील, सगळे कव्हर. ओपीडी, गोळ्या, ॲडमिशन, ऑपरेशन, सगळं त्यात. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, बाळंतपणाला २६ आठवडे. आणि आधीपासून आजार आहे का, हे कुणी विचारत नाही!

यामागचा फंडा सोपा आहे. द्यायचं ऐपतीप्रमाणे, घ्यायचं गरजेप्रमाणे.

आता तक्रारी. त्याही खऱ्या आहेत. ईएसआयचं हॉस्पिटल चिंचवडला, मोहननगरमध्ये. चाकणहून निघालात, तर तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्येच निम्मा ताप उतरतो. वर रांगा, कागद, रेफरल. म्हणून खूप जण कार्ड खिशात ठेवून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातात. पण डायलिसिस, कॅन्सर, बायपास म्हटलं, की तेच कार्ड देवासारखं वाटतं.

आपलं मेडिक्लेम बरं!

तुम्ही म्हणाल, वर गेला तर कंपनीचं मेडिक्लेम आहेच की. आहे ना. पण जरा पॉलिसी उघडून बघा. ग्रुप मेडिक्लेम प्रामुख्याने ॲडमिट झाल्यावर कामाला येतं. शुगरच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या टेस्ट, फिजिओ, हे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. आईवडील घ्यायचे तर बऱ्याच ठिकाणी वेगळा प्रीमियम. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे नोकरी गेली की पॉलिसीही गेली. हिंजवडीतला टीम लीड असो नाहीतर चाकणमधला क्वालिटी इंजिनिअर, दोघांचं आरोग्य नोटीस पिरियडला बांधलेलं.

सरकार कुठाय?

आहे, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. महापालिकेचं वायसीएम संत तुकारामनगरला उभं आहे. शहरातलं अर्धं अपघाताचं टेन्शन तेच झेलतं. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०२३ मध्ये कव्हर कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख करायचं ठरलं आणि सर्व रेशनकार्डधारकांना दार उघडलं. आमच्या ऑपरेटरने शेवटी वाढ घेतली आणि आईचं डायलिसिस या योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. डायलिसिस फुकट. रोजच्या गोळ्या आणि रिक्षा मात्र पदरच्या. वाढलेले दीड हजार तिथेच जातात.

आपल्या पिंपरीला तर स्वस्त औषधाचा इतिहासच आहे. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स इथेच उभी राहिली, सरकारी मालकीची, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून. म्हणजे 'परवडणारं आरोग्य' ही काही दिल्लीहून आलेली नवी फॅशन नाही.

मग बिल कोणाचं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. पूर्वीपेक्षा हे प्रमाण बरंच उतरलंय, तरी दहातले चार रुपये आजही आपलेच.

कामगार संघटना म्हणतात, ईएसआयची मर्यादा वाढवा. ती १५ हजारांवरून २१ हजार झाली जानेवारी २०१७ मध्ये. तेव्हापासून चाकणमधलं खोलीभाडं कुठल्या कुठे गेलंय. छोटे मालक म्हणतात, सव्वातीन टक्के आम्हालाच जड. तेही खोटं नाही. मी त्यांच्याच पगारावर आहे.

माझं मत विचाराल तर मर्यादा ही भिंत नको, उतार हवा. पगार २१ हजारांच्या वर गेला, तरी ज्याला राहायचंय त्याला पहिल्या २१ हजारांवरची कपात देऊन आत राहू द्या. दीड हजारांच्या वाढीसाठी कुणाला आईचं डायलिसिस पणाला लावायला लागू नये, एवढंच.

तोवर एवढं करा

● सॅलरी स्लिप वाचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 'वेतना'ची व्याख्या बदलली. तुम्ही ईएसआयमध्ये बसता का, एचआरला विचारा.

● वाढ मधेच झाली, तर चालू योगदान काळ संपेपर्यंत (३० सप्टेंबर किंवा ३१ मार्च) ईएसआय सुरू राहतं. लगेच कार्ड फेकू नका.

● आईबाबा सत्तरीच्या पुढे आहेत? ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत त्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचं कव्हर आहे. कार्ड काढून ठेवा.

● स्वतःची वेगळी पॉलिसी तिशीच्या आत घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

● धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा. मागायला लाजू नका, तो हक्क आहे!