पत्त्यातला प्राणी कसा घडतो?

पत्ते हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकात यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना वसतिगृहात रंगलेले मेंढीकोटाचे डाव पाहिले, तर ती अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय पत्ते खेळणे हा नसून पत्ता घडवणे हा आहे. एका बोटभर उंचीच्या चौकोनात एखादा काल्पनिक प्राणी जिवंत करायचा, त्याला नाव, रूप, बळ आणि स्वभाव द्यायचा, आणि तरीही खेळ बिघडू द्यायचा नाही, हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यात थोडे गणित आहे, थोडे साहित्य आहे आणि बराचसा विवेक आहे.

आपल्या नेहमीच्या बावन्न पत्त्यांत राजा, राणी, गुलाम यांची चित्रे असतात. पण त्या चित्रांना स्वतःचा स्वभाव नसतो. बदामचा राजा इस्पिकच्या राजाहून वेगळा वागत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे उदाहरण घ्या. एकशे वीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. चित्रकाराने मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह मोठ्या प्रेमाने रंगवलेले असतात. तरीही नरसिंहाचे पान खेळात पडल्यावर ते काही कोणाचे पोट फाडत नाही. मोठे पान लहान पानाला जिंकते, एवढेच. खेळाचे नियम खेळणाऱ्यांच्या डोक्यात असतात, पत्त्यावर नसतात.

नियमच पत्त्यावर लिहून टाकण्याची कल्पना ज्या खेळाने जगभर रूढ केली, तो म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा अमेरिकन गणितज्ञ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने संयोजनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या त्या वेळी लहान असलेल्या कंपनीकडे तो आधी दुसराच एक खेळ घेऊन गेला होता. कंपनीचे प्रमुख पीटर ॲडकिसन यांना मात्र कमी सामानात, कमी वेळात, कोठेही मांडता येईल असे काहीतरी हवे होते. त्यातून १९९३ च्या ऑगस्टमध्ये हा खेळ बाजारात आला. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळे पत्ते होते. आज ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. प्रत्येक खेळाडू यांतून निवड करून निदान साठ पत्त्यांचा स्वतःचा जोड बनवतो. साध्या जमिनी सोडल्या तर एकाच पत्त्याच्या चारांहून अधिक प्रती जोडात चालत नाहीत.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. दोघे जण समोरासमोर बसतात. प्रत्येकाला आयुष्याचे वीस गुण असतात. प्रतिपक्षाचे वीस गुण संपवायचे. हातात सात पत्ते घेऊन सुरुवात होते. आपल्या पाळीत एक जमिनीचा पत्ता मांडता येतो. या जमिनींतून ‘माना’ नावाची शक्ती निघते आणि ती खर्चून आपण मंत्र टाकतो किंवा जीव मैदानात आणतो. जिवाच्या पत्त्यावर उजव्या कोपऱ्यात खाली दोन आकडे असतात. पहिला त्याचे बळ सांगतो, म्हणजे तो किती इजा करतो. दुसरा त्याचा तग सांगतो, म्हणजे किती इजा झाल्यावर तो मरतो. अंगावरची इजा पाळी संपताच भरून येते. एकाने चढाई करायची, दुसऱ्याने आपले जीव पुढे घालून ती अडवायची, असा सगळा मामला असतो.

आता पहिला प्रश्न किमतीचा. पाळीला एकच जमीन मांडता येत असल्यामुळे पत्त्याची किंमत म्हणजे प्रत्यक्षात वेळ होय. दोन मानांचा जीव साधारणपणे दुसऱ्या पाळीत येतो, सहा मानांचा सहाव्या पाळीच्या आधी सहसा येत नाही. पहिल्याच आवृत्तीत ‘ग्रिझली बेअर्स’ नावाचे साधे अस्वल आहे. किंमत दोन माना, बळ दोन, तग दोन, बाकी काही नाही. गंमत अशी की, हे निरुपद्रवी अस्वल पुढे मापाचा दगड बनले. नवा जीव घडवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की, त्याच किमतीच्या अस्वलाशेजारी हा कसा दिसतो? अस्वलाहून सर्व बाबतींत सरस असेल, तर त्याने त्याचे मोल कोठे मोजले आहे?

दुसरा प्रश्न रंगाचा. या खेळात पाच रंग आहेत आणि प्रत्येक रंग ही एक वृत्ती आहे. पांढरा म्हणजे शिस्त आणि समाज, निळा म्हणजे ज्ञान आणि डावपेच, काळा म्हणजे स्वार्थ आणि त्यासाठी वाटेल ती किंमत देण्याची तयारी, तांबडा म्हणजे आवेग, हिरवा म्हणजे निसर्ग आणि वाढ. प्रत्येक रंगाला काही गोष्टी सहज येतात आणि काही जवळजवळ वर्ज्य असतात. उडणारे जीव पांढऱ्यात आणि निळ्यात विपुल, हिरव्यात दुर्मिळ. ही बंधने मोडली तर पाचही रंग सारखेच होतील आणि निवड करण्याला काही अर्थच उरणार नाही.

तिसरा प्रश्न मर्यादेचा, आणि खरी कारागिरी येथेच दिसते. पहिल्या आवृत्तीतलाच ‘सी सर्पंट’ हा सागरी सर्प पाहा. सहा मानांत पाच बळ, पाच तग असा हा दांडगा जीव. पण प्रतिपक्षाकडे बेटाची जमीन असल्याशिवाय त्याला चढाई करता येत नाही, आणि आपल्याकडे एकही बेट उरले नाही तर तो नष्ट होतो. पाण्यातला साप कोरड्या जमिनीवर चालून जाणार कसा? येथे नियमानेच वर्णन केले आहे. दुसरे उदाहरण ‘डार्क कॉन्फिडंट’ या पत्त्याचे. एका निमंत्रितांच्या स्पर्धेत विजेत्याला स्वतःचा पत्ता सुचवण्याचा मान मिळत असे. बॉब माहेर या खेळाडूच्या विजयातून हा पत्ता आला आणि २००५ मध्ये ‘रॅव्हनिका’ या संचात छापला गेला. दोन मानांचा हा काळा जीव प्रत्येक पाळीत तुम्हाला एक जादा पत्ता देतो, पण त्या पत्त्याची जेवढी किंमत असेल तेवढे गुण तुमच्या आयुष्यातून कापून घेतो. लाभ आणि दंड एकाच वाक्यात बांधलेले आहेत, आणि काळ्या रंगाचा सारा स्वभाव त्यात आला आहे.

हे सर्व नियम कागदावर ऐकण्यापेक्षा एक जीव प्रत्यक्ष घडवून पाहू. त्यासाठी परक्या देशातल्या ड्रॅगनकडे जाण्याचे कारण नाही. आपल्याकडचा मुंजाच घ्या. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी वारला, असा मुलगा पिंपळावर राहतो, खालून जाणाऱ्याला धरतो, ही समजूत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या समजुतीतून पत्त्याला काय मिळते? एक, मुंजा आपले झाड सोडून कोणावर चालून जात नाही. म्हणून ‘हा जीव चढाई करू शकत नाही’ हा पहिला नियम. दोन, वाटेत येणाऱ्याला तो झपाटतो. म्हणजे जो जीव चढाई करून येईल आणि ज्याला मुंजा अडवील, त्याच्यावर काहीतरी परिणाम व्हायला हवा.

कोणता परिणाम? प्रथम सुचते ते असे की, झपाटलेला जीव जागीच खिळावा, त्याच्या पुढच्या पाळीत त्याला हालचाल करता येऊ नये. कल्पना वाईट नाही. २००९ च्या एका संचातील ‘वॉल ऑफ फ्रॉस्ट’ ही बर्फाची भिंत नेमके हेच करते. पण ती भिंत निळी आहे. जखडून ठेवणे हा निळ्याचा गुण, आणि आपला मुंजा तर भूतयोनीतला, म्हणजे काळा. मग लोकसमजुतीकडेच पुन्हा वळावे. झपाटलेला माणूस काय होतो? तो खंगत जातो. खंगवणे हे तर काळ्याचे जुने काम! तेव्हा नियम असा ठरला : मुंजा ज्या जिवाला अडवतो, त्याच्यावर एक सोंगटी ठेवावी, त्या सोंगटीने त्याचे बळ आणि तग कायमचे एकेकाने कमी होतात. रंगाचा नियम पाळायला गेलो आणि मुंजा अधिक खरा झाला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता आकडे. किंमत दोन माना, बळ एक, तग तीन असे धरून पाहू. समोरून अस्वल आले. सोंगटी पडली, दोनाचे अस्वल एकाचे झाले. मुंजाने एक इजा केली, अस्वल मेले, मुंजा शाबूत. ठीक आहे. आता ‘हिल जायंट’ हा चार मानांचा, तीन बळ आणि तीन तग असलेला राक्षस आला. सोंगटीने तो दोनाचा झाला. त्याने केलेली दोन इजा मुंजाच्या तीन तगाने पचवली. पुढच्या वेळी राक्षस आणखी एकाने खंगणार आणि मरणार. म्हणजे दोन मानांच्या मुंजाने चार मानांचा राक्षस फुकटात खाल्ला. शिवाय जोडात असे चार मुंजे असू शकतात. प्रतिपक्ष शहाणा असेल तर तो चढाईच करणार नाही. दोघेही बसून राहतील, आणि डाव पुढे सरकणार नाही.

तग तीनाऐवजी दोन करा. अस्वलाचा निकाल पूर्वीसारखाच लागतो. पण राक्षस आला तर तो दोनाचा होऊन मुंजाला मारतो आणि स्वतः कायमचा खंगून परत जातो. प्रतिपक्षापुढे आता खराखुरा प्रश्न उभा राहतो : मुंजाला मारण्यासाठी राक्षस खंगवावा की थांबावे? केवळ एका आकड्याने कंटाळ्याचे रूपांतर विचारात झाले. येथे एखाद्याला वाटेल की, पिंपळ तोडला की मुंजा जातो, असाही नियम घालावा. मोह आवरावा. एका लहान पत्त्यावर एकच कल्पना नीट बसते. दुसरी आली की पहिली गुदमरते.

एका आकड्याचे महत्त्व अनुभवी कारागिरांनाही चुकवता आलेले नाही. २००४ च्या ‘डार्कस्टील’ या संचात ‘स्कलक्लॅम्प’ नावाचे एक साधन होते. ते ज्या जिवाला लावावे, तो मेल्यावर मालकाला दोन पत्ते मिळत. घडणीच्या उत्तरार्धात त्याचा एक आकडा बदलला, आणि जिवाचा तग वाढवण्याऐवजी ते तो एकाने घटवू लागले. परिणाम असा की, एक तगाचा क्षुद्र जीव ते लावताच मरे आणि एका मानात दोन पत्ते हाती येत. ज्याच्या जोडात हे साधन नाही त्याने खेळायलाच बसू नये अशी स्थिती झाली, आणि त्याच वर्षी अधिकृत स्पर्धांच्या मुख्य प्रकारात त्यावर बंदी घालावी लागली. पत्ता अति बलवान झाला की तो फक्त प्रतिपक्षाला हरवत नाही. तो इतर शेकडो पत्ते निकामी करतो. असे दुर्मिळ पत्ते बाजारात महाग होतात, आणि मग बुद्धीऐवजी खिसा खेळू लागतो.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, ती म्हणजे भाषा. या खेळात सामान्य नियम आणि पत्त्यावरील वाक्य यांत विरोध आला तर पत्त्याचे खरे मानतात. त्यामुळे पत्त्यावरील वाक्य कायद्याच्या कलमासारखे निःसंदिग्ध हवे. ‘ठेवावी’ आणि ‘ठेवता येईल’ यांत सक्ती आणि मुभा एवढे अंतर आहे. ‘मुंजा अडवतो तेव्हा’ असे लिहिले तर एक अर्थ, ‘मुंजा अडवून जिवंत राहतो तेव्हा’ असे लिहिले तर दुसरा. विशेषणांचे काम चित्राकडे आणि नावाकडे सोपवावे. नियमात फक्त क्रियापदे बोलू द्यावीत.

असे पत्ते घडवायला फार साहित्य लागत नाही. कागदाचा तुकडा त्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर मापाने कापावा, जुन्या पत्त्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवावा. चित्र स्वतः काढावे किंवा चित्रकार मित्राकडून काढून घ्यावे. दुसऱ्याचे उचलू नये. हे पत्ते अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, आणि खरे म्हणून कोणाला विकणे तर सरळ फसवणूक होय. पण मित्रांच्या बैठकीत, आधी सांगून, ते खुशाल खेळावेत. मात्र एक पथ्य पाळावे. आपला पत्ता प्रथम मित्राच्या हाती द्यावा आणि आपण त्याच्या विरुद्ध बसावे. तीन-चार डाव असे झाले की, पत्त्याचे सारे दोष आपोआप दिसू लागतात. सामान्य खेळाडूंनी मिळून घडवलेला जीवही छापला गेला आहे. २००३ च्या ‘स्कर्ज’ संचातील ‘फरगॉटन एन्शंट’ हा जीव खेळाडूंच्या मतदानातून टप्प्याटप्प्याने ठरला. आरंभी त्याचे बळ शून्य असते. कोणीही मंत्र टाकला की तो वाढू शकतो, आणि ती वाढ तो पुढे आपल्या इतर जिवांना वाटून देऊ शकतो.

अजिंक्य प्राणी कोणीही काढू शकतो. त्यासाठी मोठा आकडा लिहिला की झाले. जो हरवता येतो, पण हरवण्यासाठी समोरच्याला विचार करावा लागतो, असा प्राणी घडवणे कठीण. त्यासाठी ज्याला हा पत्ता भोगायचा आहे, त्याच्या खुर्चीत काही वेळ बसावे लागते. पत्ता आपण काढतो तो स्वतःच्या हौसेने. पण त्याचा न्याय समोर बसलेला करतो. हे ज्याला उमगले, त्याच्या हातून निघालेला मुंजा चांगलाच झपाटेल, आणि तरीही मित्र दुसरा डाव मांडायला बसतील.